ताण आणि चेतापेशी

दीर्घकाळ टिकलेल्या मानसिक ताणाने मेंदूतील चेतापेशींच्या रचनेत होणारे बदल आणि ते रोखणारे उपचार. ‘ताणाने मेंदूच्या पेशी मरतात’ असे सर्रास म्हटले जाते, ते पुरते खरे नाही. बहुतेकदा पेशी जिवंत राहते, झडतात त्या तिच्या फांद्या. आणि झडलेली फांदी पुन्हा फुटू शकते.

संकट जाणवले की मेंदूकडून मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींना निरोप जातो व कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात उतरते. परीक्षेच्या सकाळी ते उपयोगीच पडते. काळजी महिनोन्‌महिने सरली नाही, की तेच घातक ठरते. स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पस हा भाग या संप्रेरकाला खास संवेदनशील असतो. अमेरिकी चेताशास्त्रज्ञ ब्रूस मॅकइवेन यांनी १९६८ मध्ये उंदरांच्या मेंदूत हे दाखवले. रोज काही तास जखडून ठेवलेल्या उंदरांत २१ दिवसांत तेथील पेशींच्या शाखिका, म्हणजे फांद्या, आखूड होतात. भीतीशी संबंधित अमिग्डालात मात्र त्या वाढतात, हे बंगळूरच्या सुमंत्र चटर्जी यांच्या प्रयोगशाळेने २००२ मध्ये दाखवले. पुढे उंदरांना २१ दिवस विसावा दिल्यावर हिप्पोकॅम्पस सावरला, अमिग्डाला सावरला नाही. धडा आठवत नाही पण नापास होण्याची धास्ती जात नाही, असे मुले सांगतात तेव्हा ती बहाणा करत नसतात. त्यांना नुसते ‘मन घट्ट कर’ म्हणणे अन्यायाचे आहे.

उपचारांत व्यायामाचा पुरावा भक्कम आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात १२० ज्येष्ठ नागरिक होते. त्यांपैकी वर्षभर नियमित भरभर चाललेल्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्क्यांनी वाढला. बडोद्यात पहाटे कमाटीबागेत फेऱ्या मारणारी, जुम्मादादा व्यायाम मंदिराची परंपरा सांगणारी मराठी मंडळी व्यायामाला शरीराची कमाई मानत आली. मेंदूचा वाटा त्यात अलीकडे कळला. व्यायामाने चेतापेशींना पोसणारे बीडीएनएफ हे प्रथिन वाढते. पुरेशी झोप आणि विचारांची घडी बदलणारी मानसोपचार पद्धतीही उपयोगी आहे.

नैराश्यावरील फ्लुओक्सेटीनसारख्या औषधांनी उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी वाढतात. प्रौढ माणसात तसे किती घडते, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. घरोघरी मात्र दुसऱ्याच आठवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून त्या बंद होतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तसे करू नये. बडोद्यात करेलीबागेत मानसिक आरोग्याचे सरकारी रुग्णालय आहे. टेली-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते.