सोनाराची टाकी आणि मामांची बंदूक

शहापुरात सोनाराकडं पाटल्या उजळायला टाकल्या होत्या. त्याच्याकडं अल्ट्रासॉनिक क्लीनर, म्हणजे ध्वनिलहरींनी धुणारं यंत्र. डब्याएवढ्या स्टीलच्या टाकीत पाणी, त्यात पाटल्या. बटण दाबलं, बारीक सूं आवाज झाला आणि नक्षीच्या खाचांतून काळा मळ धुरासारखा वर यायला लागला. मोत्याची नथ मात्र त्यानं बाजूला काढली. मोती फार नाजूक, असं म्हणाला.

सोबत मामा होते. मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. खानापूर तालुक्यात शेती, रानडुकरांसाठी परवान्याची बाराबोअर. त्यांनी लगेच विचारलं, "ह्यात बंदूक धुता येईल काय रे?"

येते. पण मळ निघतो तो पाणी हलल्यामुळं नव्हे. टाकीच्या बुडाला बाहेरून सिरॅमिकच्या चकत्या चिकटवलेल्या असतात. वीज मिळाली की त्या सेकंदाला साधारण 40,000 वेळा थरथरतात. आपला कान 20,000 च्या पुढं बहिरा, म्हणजे ऐकू येते ती सूं बुडबुड्यांची. लाटेच्या ओढीनं पाण्यात डोळ्याला न दिसणारे बुडबुडे तयार होतात आणि दाब येताच फुटतात. धातूला लागून असलेला बुडबुडा एका बाजूनं आत चेपतो आणि पाण्याची सुईसारखी धार मळावर आदळते. जहाजांचे पंखे असल्याच बुडबुड्यांनी झिजतात. ते फुटण्याचं गणित इंग्रज शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी 1917 साली मांडलं.

म्हणून चापाची जुळणी, स्प्रिंगा, काडतूस बाहेर फेकणारा खटका अशा ब्रश न पोचणाऱ्या जागी हे यंत्र कामाचं. पाणी 50-60 अंश सेल्सिअस गरम, त्यात सौम्य साबण. भाग जाळीत टांगायचे, बुडाला टेकवायचे नाहीत. पेट्रोल, रॉकेल तर टाकीत अजिबात नको. वाफेनं भडका उडेल. लाकडी दस्ता, दुर्बीण आणि जिवंत काडतुसं यांनाही मज्जाव. ॲल्युमिनियमच्या भागांना कॉस्टिक सोड्यासारखी तीव्र अल्कली चालत नाही. वापरलेल्या पाण्यात काडतुसांतलं शिसं उतरलेलं असतं, तेव्हा हातमोजे घाला आणि ते पाणी परसात ओतू नका.

नळीत घट्ट बसलेलं शिसं ह्या बुडबुड्यांना दाद देत नाही. तिथं फौजेतला पुलथ्रू, म्हणजे चिंधी बांधून नळीतून ओढायची दोरी, आणि ब्रशच. तसंही मामांची नळी अडीच फूट, टाकी वीतभर!

खरी गोम पुढंच आहे. मळाबरोबर तेलाचा शेवटचा थरही जातो. उघडं पोलाद आणि खानापूरचा जुलै. तासाभरात तांबूस झाक दिसायला लागते. म्हणून भाग गरम असतानाच पुसायचे, फटीतलं पाणी हवेच्या झोतानं उडवायचं आणि लगेच तेल द्यायचं.

"म्हणजे तेल काढायला यंत्र आणि परत घालायला मी," मामा म्हणाले, आणि पाटल्यांचे पैसे चुकते केले.