भिजलेलं प्लॅस्टिक, कोरडं पीस

आभाळ भरून आलं, घामाच्या धारा लागल्या, की आपण म्हणतो, "हवा जड झालीय." खरं तर ती हलकी झालेली असते. पाण्याच्या रेणूचा भार १८, नायट्रोजनचा २८ आणि ऑक्सिजनचा ३२. हवेत वाफ शिरली की ती जड रेणूंची जागा घेते. त्यामुळे २० अंश तापमानाला पूर्ण दमट हवा कोरड्या हवेपेक्षा ०.९ टक्क्यानं हलकी असते. इंग्लंडमध्ये वुडपिजन हे रानकबुतर मारायला बसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, कारण पावसाळी दिवशी नेम चुकले की दोष जड हवेला दिला जातो, नाहीतर छऱ्यांच्या आड येणाऱ्या थेंबांना.

थेंबांचाही हिशोब करता येतो. तासाला २५ मिलिमीटर असा जोरदार पाऊस घ्या. अशा वेळी एक घनमीटर हवेत साधारण सव्वा ग्रॅम पाणी लोंबकळत असतं. सगळे थेंब २ मिलिमीटरचे धरले तर ते तीनशेच्या आत भरतात. सहा नंबरचा शिशाचा छर्रा २.६ मिलिमीटर व्यासाचा. तो ३० मीटर जाईपर्यंत त्याला थेंब आडवा येण्याची शक्यता सातात एक. शिवाय छऱ्याचं वजन १०५ मिलिग्रॅम आणि थेंबाचं ४, म्हणजे टक्कर झालीच तर वेग फार तर ४ टक्क्यांनी घटेल. ३० ग्रॅमच्या काडतुसात असे सुमारे २८५ छर्रे असतात. मुसळधार पावसातसुद्धा त्यांच्या झोताला काही फरक पडत नाही.

पाऊस बिघडवतो तो पक्षी, पीक आणि आमिष म्हणून मांडलेली बनावट कबुतरं या तिघांचा मेळ.

वुडपिजन म्हणजे आपल्या पारव्याचा थोराड भाऊ. लांबी ४० सेंटिमीटरच्या आसपास, वजन अर्धा किलो, मानेवर पांढरा डाग आणि पंखावर पांढरा पट्टा. हिवाळ्यात तो मोहरीच्या कुळातल्या रेप पिकाची पानं ओरबाडतो, वसंतात पेरलेला वाटाणा वेचतो आणि उन्हाळ्यात गव्हा-जवावर उतरतो. १९८१ च्या कायद्यानं तिथले वन्य पक्षी संरक्षित आहेत. पिकाचं गंभीर नुकसान टाळण्यासाठी सरकार एक सर्वसाधारण परवाना जाहीर करतं, आणि वुडपिजन मारायचा तो त्याच्या अटींत राहून. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याचा बडगा आहे. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियल हाही कबुतराच्याच कुळातला, आणि त्याच्यावर बंदूक रोखणं हा गुन्हा आहे. पुढचं सगळं इंग्लंडच्या शेतांतलं आहे, हे लक्षात घेऊन वाचावं.

बेत साधा असतो. शेताच्या कडेला कुंपणाच्या झुडपांना पाठ लावून जाळीचा आडोसा करायचा. समोर २० ते २५ मीटरवर डझन-दीड डझन बनावट कबुतरं, म्हणजे डिकॉय, घोड्याच्या नालाच्या आकारात मांडायची. बहुतेकांची तोंडं वाऱ्याकडे ठेवायची आणि मध्ये उतरायला मोकळी जागा सोडायची. वरून जाणाऱ्या पक्ष्याला वाटतं की खाली जेवण चाललंय. कोरड्या दिवशी ही मांडणी उत्तम चालते. एक सर येऊन गेली की त्याच शेतात, त्याच मांडणीवर पक्षी येतात, ५०-६० मीटरवर एकदम अंग चोरतात आणि वळून निघून जातात. ते नेमके कशाला बिचकले, हे समजून घ्यायचं तर आधी पिसाकडे पाहावं लागतं.

पिसाच्या मधल्या दांड्याला दोन्ही बाजूंनी तंतू फुटतात, त्या तंतूंना उपतंतू, आणि उपतंतूंना एकमेकांत अडकणारे सूक्ष्म आकडे. भिंगाखाली पीस धरलं तर ते कापडापेक्षा चाळणीसारखं दिसतं. मग चाळणीतून पाणी का गळत नाही? "पक्षी अंगाला तेल लावतात" हे शाळेतलं उत्तर अर्धंच आहे. शेपटीच्या मुळाशी असलेली तेलग्रंथी कबुतरांच्या काही जातींत नसतेच, तरी त्यांची पिसं पाणी झटकतात. कबुतरांकडे आणखी एक वस्तू असते, पिसांची पूड. काही खास पिसं सतत झिजून त्यांचा केराटिनचा (नखं-केसांतलं प्रथिन) बारीक भुगा होतो आणि तो सगळ्या अंगावर पसरतो. काचेच्या खिडकीवर वुडपिजन आपटला की पंख पसरलेल्या पक्ष्याची पांढरट छाप काचेवर उमटते, ती याच पुडीची. हीच पूड त्याच्या करड्या रंगाला मंद, चमक नसलेला पोत देते.

तरी खरा पहारेकरी आहे हवा. पाण्याचा थेंब एखाद्या पृष्ठभागाला ज्या कोनात टेकतो, त्याला स्पर्शकोन म्हणतात. स्वच्छ काचेवर तो अगदी लहान असतो आणि थेंब पसरतो. मेणावर तो १०५ अंशांच्या आसपास असतो आणि थेंब जरा फुगून बसतो. पिसावर मात्र थेंब जवळजवळ गोटीसारखा उभा राहतो, मेणापेक्षाही गोल. याचं सूत्र लीड्सच्या लोकर-संशोधन संस्थेतल्या कॅसी आणि बॅक्स्टर यांनी १९४४ मध्ये मांडलं. त्यांना पाऊस न शोषणारं कापड हवं होतं, आणि त्यांनी बदकाच्या पिसांचाही अभ्यास केला. त्यांचं म्हणणं असं, की थेंब टेकतो तो थोडा उपतंतूंवर आणि बराचसा त्यांच्यामधल्या हवेवर. आकडे घालून पाहू. १०५ अंशांची कोसाइन उणे ०.२६. तिच्यात १ मिळवले की ०.७४. थेंबाखालचा एक पंचमांश भागच घन आहे असं धरून ०.२ नं गुणा आणि १ वजा करा. उत्तर उणे ०.८५, म्हणजे कोन १४८ अंश. मेणकट पृष्ठभाग तोच राहिला, फक्त त्याच्यामध्ये हवा भरली, आणि थेंब घरंगळू लागला.

या पहाऱ्यालाही मर्यादा आहे. दोन उपतंतूंमधली फट २० मायक्रोमीटर धरली, तर पृष्ठताण पाण्याला साधारण १,९०० पास्कल दाबापर्यंत थोपवून धरतो. भुरभुर पावसाचा अर्ध्या मिलिमीटरचा थेंब सेकंदाला २ मीटर वेगानं पडतो आणि आदळताना सुमारे २,००० पास्कल दाब देतो. सामना बरोबरीचा. २ मिलिमीटरचा थेंब मात्र साडेसहा मीटर वेगानं येतो आणि २१,००० पास्कल दाब देतो. दाब वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणून एवढी तफावत. पीस लवतं, खाली पिसांचे आणखी थर असतात, त्यामुळे पक्षी लगेच चिंब होत नाही. पण असा पाऊस तासभर लागला की पाणी आत शिरतं, हवा बाहेर पडते आणि ऊबही जाते. म्हणून रिपरिपीत, त्यातही थोडा वारा असेल तर, वुडपिजन चरत राहतो. झड लागली की तो रानात फांदीवर अंग ताठ करून बसतो, म्हणजे पाणी पाठीवरून ओघळून जातं. कबुतरांना पाण्याचं वावडं असतं असं नव्हे. हलक्या सरीत एक पंख वर उचलून ती हौसेनं अंघोळ करतात.

आता डिकॉयकडे वळू. प्लॅस्टिकच्या कवचावर मंद रंग दिलेला असतो. कोरडेपणी त्याचा खरबरीत पृष्ठभाग प्रकाश सगळीकडे विखुरतो. पाऊस पडला की त्या खाचा पाण्यानं भरतात आणि वर एक गुळगुळीत पापुद्रा तयार होतो. समोरून पडलेल्या प्रकाशापैकी पाणी फक्त २ टक्के परतवतं, पण लंबाशी ८० अंशांनी, म्हणजे अगदी तिरप्या पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ३५ टक्के परतवतं. डिकॉयची पाठ वक्र असते, म्हणून पक्षी कुठूनही आला तरी त्याला कुठे ना कुठे ती तिरपी चकाकी दिसतेच. त्यात पापुद्र्याखालचा रंग गडद होतो, कारण आतून विखुरलेला बराच प्रकाश पाण्याच्या पृष्ठभागावरून पुन्हा आत वळतो. परिणामी डिकॉय काळपट आणि चमकदार दिसतो. जिवंत वुडपिजनच्या अंगावर मात्र पाणी पसरतच नाही, तो भुरभुरीतही फिकट करडाच राहतो. कबुतराची नजर आपल्यापेक्षा रंगांत श्रीमंत आहे, तिला अतिनील प्रकाशाचाही काही भाग दिसतो. शेतात चकाकणारी पंधरा कबुतरं तिला साहजिकच खोटी वाटतात.

यावर उपाय एकच, पाण्याला पसरू द्यायचं नाही. मखमलीसारखे आखूड धागे चिकटवलेले डिकॉय घ्यावेत. त्यांच्यावर चिखल बसला तर धागे गठ्ठ्यानं चिकटतात आणि फायदा संपतो, म्हणून ते साध्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवावेत. धुण्याची पावडर वापरू नये. तिच्यातली उजळक द्रव्यं अतिनील प्रकाश शोषून निळसर झळकतात. कवचं लवचीक काडीवर बसवली तर वाऱ्यानं डुलतात आणि थेंब झटकले जातात. सर ओसरल्यावर दोन मिनिटं खर्चून प्रत्येक कवच कापडानं टिपून घ्यावं. मांडणीत कवचं कमी ठेवावीत. अर्धा डझन कोरडी कवचं वीस ओल्यांपेक्षा जास्त पक्षी उतरवतात.

मारलेले पक्षीच मांडणीत ठेवणं सगळ्यात चांगलं, पण ते फार वेळ टिकत नाहीत. मेलेल्या पक्ष्याला पिसं फुलवता येत नाहीत, विंचरता येत नाहीत. हाताळताना आकडे सुटतात, हवा निघून जाते आणि पीस अंगाला चिकटतं. त्यांना छातीवर बसवावं, मानेखाली काडीचा आधार द्यावा आणि चप्प झालेला पक्षी उचलून दुसरा ठेवावा. उताणा पडलेला पक्षी वरून जाणाऱ्यांना लगेच खटकतो. दोन बाहूंवर पक्षी फिरवणारं १२ व्होल्टचं यंत्र असेल तर बॅटरी जमिनीवर ठेवू नये, झाकण असलेल्या पेटीत ठेवावी आणि जोडांना ग्रीस लावावं.

वेळेचं गणित पावसाच्या जोरावर ठरतं. झड थांबल्यावर पहिला तास-दोन तास उत्तम, कारण उपाशी पक्षी एकदम बाहेर पडतात. पाऊस येण्याआधीही ते अधाशासारखे चरतात असा शिकाऱ्यांचा अनुभव आहे. त्यात अद्भुत काही नाही. घरी परतणारी कबुतरं हवेच्या दाबातला अगदी सूक्ष्म बदल, फक्त काही मीटर उंचीच्या फरकाइतका, ओळखतात हे क्रीथेन आणि कीटन या संशोधकांनी १९७४ मध्ये प्रयोगानं दाखवलं. वुडपिजनही त्याच कुळातला.

पंचांगाचं तसं नाही. इंग्लंडमध्ये १५ जुलैला, सेंट स्विदिनच्या दिवशी पाऊस पडला तर पुढे ४० दिवस पडतो म्हणतात, आणि आपल्याकडे नक्षत्राचं वाहन बेडूक की मेंढा यावरून पाऊस सांगतात. सेंट स्विदिननंतर सलग ४० दिवस पाऊस पडल्याची एकही घटना तिथल्या हवामान नोंदींत नाही. त्यावर बेत आखण्यापेक्षा दाबमापक पाहावा.

जुलैच्या पावसाचं महत्त्व वेगळ्या कारणानं आहे. उभ्या गव्हात अर्धा किलोचा पक्षी उतरू शकत नाही, ताट त्याला पेलत नाही. चिकात आलेल्या ओंब्या भिजून जड झाल्या, मुळांजवळची माती ढिली पडली आणि वारा सुटला, की पीक लोळतं. नत्र जास्त दिलेल्या शेतात हे आधी होतं, कारण ताटं लांब आणि मऊ वाढतात. लोळलेला पट्टा म्हणजे पक्ष्यांना आयती धावपट्टी. ते तिथे उतरतात आणि कडेनं खात खात पट्टा वाढवत नेतात. डिकॉय त्याच पट्ट्यावर मांडावेत. भोवतीच्या उभ्या पिकात पडलेला पक्षी शोधताना शेतकऱ्याचा गहू तुडवला जातो, म्हणून पक्षी पट्ट्याच्या मधोमध पडेल अशा बेतानं नेम धरावा.

चिखलात सगळ्यात मोठा धोका बंदुकीच्या तोंडाशी असतो. आडोशात वाकताना नळीत मातीचा बोळा शिरला आणि तशीच गोळी झाडली, तर नळी फुगते किंवा फाटते. तोल गेला, बंदूक टेकली, की आधी काडतुसं काढून नळीतून आरपार पाहावं, मगच पुढे जावं. कागदी वेष्टनाची काडतुसं ओलीनं फुगून खजिन्यात, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या जागेत, अडकतात, पावसात प्लॅस्टिकची बरी. घरी आल्यावर बंदूक ओल्या गवसणीत ठेवू नये. सुटी करावी, पुसावी, नळ्यांवरच्या पट्टीखाली साचलेलं पाणी झटकावं आणि साध्या खोलीत वाळू द्यावी. शेगडीजवळ ठेवली तर लाकडी दस्ता वाकतो. तेलाचा हात वाळल्यानंतर फिरवावा, आधी फिरवला तर ओल खालीच कोंडून राहते. ओले पक्षी पोत्यात एकावर एक टाकले तर आतली ऊब निघत नाही आणि मांस लवकर नासतं. ते एकेक सुटे, वारा लागेल असे टांगावेत. पिसं कोरडी झाल्यावरच उपटावीत, ओली पिसं बोटांना चिकटतात आणि कातडी फाटते.