मोतीबिंदू 'पिकायची' वाट का पाहता?

'अजून पिकला नाही, पिकू दे, मग काढू.' मोतीबिंदूबद्दल हे वाक्य घरोघरी ऐकू येतं, जणू डोळ्यात आंबाच धरलाय! एकेकाळी त्यात तथ्य होतं. जुन्या पद्धतीत मोठा छेद घेऊन डोळ्यातलं गढूळलेलं भिंग (म्हणजेच मोतीबिंदू) अख्खं बाहेर काढायचे, वर जाड भिंगाचा चष्मा यायचा. त्यामुळे नजर पार जाईपर्यंत थांबणं परवडायचं.

1967 मध्ये अमेरिकी नेत्रतज्ज्ञ चार्ल्स केलमन यांनी फेको पद्धत आणली. आता तीन मिलिमीटरच्या आसपासच्या छेदातून ध्वनिलहरींनी भिंग फोडून शोषून घेतात आणि घडीचं कृत्रिम भिंग बसवतात. जास्त पिकलेलं भिंग कडक होतं, फोडायला अवघड जातं. कधी ते फुगून डोळ्यातला दाब वाढवतं आणि काचबिंदू ओढवतो. त्यात गेलेली नजर परत येत नाही.

वाचन, स्वयंपाक, रात्री समोरच्या गाडीचे दिवे यांचा त्रास व्हायला लागला की डॉक्टरांशी ऑपरेशनचं बोलावं. चाळिशीनंतर तपासणी नियमित हवीच, मधुमेह असेल तर दरवर्षी पडदाही तपासून घ्यावा. आणि हो, 'ऑपरेशन थंडीतच करायचं' हेही जुनंच खूळ. मे महिन्यातही चालतं.