प्लुटोची हवा गोठणार, पण कधी? ताऱ्यांच्या पिधानांची पार्श्वभूमी

सूर्यमालेच्या टोकाकडचा ग्रह ताऱ्याला झाकतो, म्हणजेच त्याचे पिधान करतो, तेव्हा किती काय कळू शकते, हे दाखवले युरेनसने. १० मार्च १९७७ रोजी ग्रहाची कड ताऱ्यापर्यंत पोहोचायच्या आधीच ताऱ्याचे तेज काही वेळा झपकन उतरले, आणि पिधान संपल्यावर पुन्हा तसेच झाले. विमानात बसवलेल्या दुर्बिणीतून हे टिपले गेले आणि युरेनसची कडी सापडली. तामिळनाडूतल्या कावलूरलाही १ मीटरच्या दुर्बिणीतून अशी घट दिसली होती, पण तिथल्या निरीक्षकांनी ती आधी नव्या उपग्रहाची मानली. शोधाचे श्रेय विमानाला गेले. कावलूरची आठवण आपल्याकडेही क्वचितच निघते.

प्लुटोचे ९ जून १९८८चे पिधान वेगळ्याच कारणाने गाजले. तारा पटकन विझला नाही, मंदावत गेला. विरळ हवेतून जाताना किरण वाकतात आणि फाकतात, त्यामुळे तेज हळूहळू उतरते आणि त्या उतारावरून हवेचा दाब काढता येतो. ताऱ्याच्या तेजाच्या आलेखाचा खालचा भाग मात्र एकदम तीव्र घसरला होता. त्यामागे धुके आहे की तापमानातला फरक, हा वाद अनेक वर्षे चालला.

पण खरे राजकारण झाले ते दाबावरून. प्लुटो १९८९मध्ये सूर्याच्या सर्वांत जवळ येऊन गेला, आता तो दूर चालला होता. त्याची हवा मुख्यतः नायट्रोजनची आणि ती पृष्ठभागावरच्या बर्फातूनच येते. बर्फ एखाद-दुसऱ्या अंशाने गार झाला तरी दाब निम्म्यावर येऊ शकतो. तेव्हा काही दशकांत ही हवा गोठून खाली बसेल, असे गणित मांडले गेले. ‘गोठायच्या आत यान पाठवा’ हा युक्तिवाद त्यातून आला. २०००मध्ये नासाची प्लुटो मोहीम रद्द झाली तेव्हा ती पुन्हा उभी करण्यासाठी तो जोरात वापरला गेला.

मग २००२मध्ये प्लुटोने दोन ताऱ्यांना झाकले, आणि दाब १९८८च्या दुप्पट निघाला! प्लुटो सूर्यापासून दूर जात असताना हवा वाढत होती. जमिनीत आणि बर्फात साठलेली उष्णता उशिरा बाहेर येते, शिवाय नायट्रोजनच्या बर्फाचा मोठा साठा ज्या भागात आहे तिथे ऊन वाढत होते, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. नासाचे ‘न्यू होरायझन्स’ यान जानेवारी २००६मध्ये निघाले, म्हणजे घाईचे मुख्य कारण त्याच्या चार वर्षे आधीच डळमळले होते. गुरूच्या गुरुत्वाचा धक्का मिळण्याची संधी निसटू नये आणि प्लुटोचा आणखी भाग अंधारात जाऊ नये, ही कारणे जास्त भक्कम होती. गोठणाऱ्या हवेची गोष्ट मात्र सांगायला सोपी होती.

यान १४ जुलै २०१५ रोजी प्लुटोजवळून गेले. धुक्याचे थर दिसले आणि पृष्ठभागाजवळचा दाब ११ मायक्रोबारच्या आसपास, म्हणजे पृथ्वीवरच्या दाबाच्या जेमतेम लाखाव्या हिश्श्याइतका भरला.

त्यानंतरची भांडणे अजून मिटलेली नाहीत. ऑगस्ट २०१८च्या पिधानातून काहींनी ‘ओहोटी सुरू झाली’ असे वाचले. जुलै २०१९मध्ये हवाईतल्या एका जपानी दुर्बिणीतून झालेल्या वेधात २०१६च्या तुलनेत सुमारे २० टक्के घट दिसली, पण मोजमापातली अनिश्चितता मोठी होती. ६ जून २०२० रोजी, ऐन कोरोनाकाळात, नैनितालजवळच्या देवस्थळ इथल्या ३.६ आणि १.३ मीटरच्या दुर्बिणींनी प्लुटोचे पिधान टिपले. दाब निघाला १२ मायक्रोबारच्या थोडा वर. २०१५पासून दाब पठारावर आहे, असा त्याचा अर्थ लावला गेला. या तिघांत देवस्थळचा वेध मला सर्वांत भरवशाचा वाटतो.

ताऱ्यांच्या जागा मोजणाऱ्या गाया उपग्रहाच्या तारासूचीमुळे पिधानाच्या वेळी प्लुटोची सावली पृथ्वीवर कुठे पडणार हे आता फार नेमके सांगता येते. अडचण वेगळी आहे. गेली काही वर्षे प्लुटो आकाशगंगेच्या दाट पट्ट्यापुढून जात होता, आता तो तिथून सरकला आहे, आणि झाकण्याजोगे तेजस्वी तारे त्याच्या वाटेत विरळ होत चालले आहेत.