टायफॉइडच्या गोळ्या: 'सेन्सिटिव्ह' लिहून आलेल्या रिपोर्टमागची गोष्ट

मुदतीच्या तापावर पहिली खात्रीची कॅप्सूल आली ती १९४८ मध्ये, क्लोरॅमफेनिकॉल. १९७२ ला मेक्सिको आणि आपल्याकडे कालिकत इथे तिला न जुमानणारा टायफॉइड दिसला, आणि १९९० च्या आसपास तर क्लोरॅमफेनिकॉल, अ‍ॅम्पिसिलिन, को-ट्रायमोक्साझोल तिन्ही एकदम निकामी झाली, कारण तिघांविरुद्धची जनुकं एकाच प्लाझ्मिडवर (एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाणारा डीएनएचा तुकडा) बसून जंतूजंतूंत फिरत होती. मग सिप्रोफ्लॉक्सासिन आणि ऑफ्लॉक्सासिन. ताप तीन-चार दिवसांत उतरायचा, सलाइन नको, अ‍ॅडमिट नको, त्यामुळे सगळ्यांनीच ती उचलून धरली.

खरा घोळ इथून पुढचा आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. नव्वदच्या दशकातच असे पेशंट यायला लागले की ब्लड कल्चरमध्ये (रक्तातला जंतू वाढवून बघायची तपासणी) जंतू सापडलाय, रिपोर्टवर सिप्रोपुढे 'सेन्सिटिव्ह', म्हणजे औषध लागू पडेल, असं लिहिलंय, गोळी वेळेवर पोटात जातेय आणि आठवडा झाला तरी ताप हटत नाही. लॅबची चूक नव्हती, चूक 'सेन्सिटिव्ह' कुणाला म्हणायचं ते ठरवणाऱ्या रेषेची होती. मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅम औषधाने जंतू थांबला की सेन्सिटिव्ह, असा नियम होता. पण सिप्रो जिथे घाव घालते त्या जंतूच्या डीएनए गायरेज एन्झाइममध्ये एक छोटा बदल झाला की त्याला पूर्वीपेक्षा कितीतरी पट जास्त औषध लागतं, तरीही तो त्या १ च्या आतच राहतो, म्हणजे कागदावर पास. जंतू वाढवलेल्या प्लेटवर सिप्रो लावलेल्या चकतीभोवती जंतू नसलेलं मोकळं वर्तुळ दिसायचं, मात्र शेजारच्या, सिप्रोच्याच घराण्यातल्या जुन्या औषधाच्या म्हणजे नॅलिडिक्सिक अ‍ॅसिडच्या चकतीला जंतू अगदी चिकटून वाढलेला, आणि अनुभवी लॅबवाले त्यावरूनच डॉक्टरांना फोन करून सांगायचे की सिप्रोवर विसंबू नका. ती रेषा शेवटी २०१२ मध्ये १ वरून ०.०६ वर आणली, वर्तुळ २१ मिलिमीटर चालायचं ते ३१ हवं असं ठरलं. माझ्या मते हा बदल निदान दहा वर्षं उशिरा झाला, कारण पुरावा आधीपासून समोर होता आणि तोवर चुकीच्या गोळीवर किती पोरं तापाने फणफणत राहिली असतील.

सिप्रोचा भरवसा गेल्यावर तोंडाने द्यायला सेफिक्झिम आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन उरल्या. २०१६ पासून पाकिस्तानातल्या सिंधमध्ये इंजेक्शनने द्यायच्या सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनलाही दाद न देणारा टायफॉइड पसरला, त्याच गटातली सेफिक्झिमही गेली, त्यामुळे तिथे गोळी म्हणून फक्त अ‍ॅझिथ्रोमायसिन राहिलीय आणि तीच गोळी आपल्याकडे घसा धरला, सर्दी झाली की मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय मिळते, हे बघून खरंच जीव तुटतो. नवी मुंबईत २०१८ ला महापालिकेने मुलांना टायफॉइडची नवी लस द्यायला सुरुवात केली ती याच काळात.

क्लोरॅमफेनिकॉलचा वापर थांबल्यावर आपल्याकडचे बरेचसे जंतू आता पुन्हा त्याला सेन्सिटिव्ह निघतात. तरी लिहायला डॉक्टर धजत नाहीत, कारण क्वचित का होईना त्याने बोनमॅरो (हाडातला रक्त तयार करणारा मगज) निकामी होतो आणि टायफॉइड उलटण्याचं प्रमाणही त्यात जास्त.