दिवाळीत श्रीलंकेला जावं की नाही? आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, ऑगस्ट २०१९

दिवाळीच्या श्रीलंका सहलीची आगाऊ रक्कम ज्यांनी मार्चपर्यंत भरली, त्या जवळजवळ प्रत्येक घरातून गेल्या तीन महिन्यांत एकदा तरी फोन आला. प्रश्न एकच, "आता तिकडे सेफ आहे ना?" प्रत्येकाला फोनवर तुकड्यातुकड्यानं सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून देतो.

आधी एक कबुली. आमचं पोट सहली विकण्यावर आहे. त्यामुळे "काही होत नाही हो, बिनधास्त जा" असं आमच्या ऑफिसातून कुणी म्हणालं, तर ते फारसं मनावर घेऊ नका. "सेफ आहे" असं आम्ही लिहून देणार नाही. आम्हाला दिसलं ते सांगतो, निर्णय तुमच्या घरातच होऊ दे.

२१ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी सकाळी, श्रीलंकेतली तीन चर्च आणि तीन मोठी हॉटेलं आत्मघाती बॉम्बहल्ल्यांचं लक्ष्य झाली. चर्च म्हणजे कोलंबोतलं सेंट अँथनी, नेगोंबोचं सेंट सेबॅस्टियन आणि पूर्व किनाऱ्यावरच्या बट्टिकलोआचं झायन. हॉटेलं तिन्ही कोलंबोतली. अडीचशेहून अधिक माणसं गेली, त्यात ११ भारतीय होते. हल्ल्याचा इशारा भारतानं ४ एप्रिललाच तिकडे दिला होता, पण तो ज्यांनी मनावर घ्यायचा त्यांनी घेतला नाही. म्हणून "आता कडक बंदोबस्त आहे" हे ऐकून आम्ही पूर्ण निर्धास्त झालेलो नाही. बंदोबस्त आहे, हे मात्र खरं.

२७ एप्रिलला आपल्या परराष्ट्र मंत्रालयानं अनावश्यक प्रवास टाळायला सांगितलं होतं. साधारण महिनाभरानं ती भाषा सौम्य झाली. आता सावध राहा, एवढाच सल्ला आहे. ९ जूनला आपले पंतप्रधान मोदी कोलंबोला जाऊन सेंट अँथनी चर्चला भेट देऊन आले. तिथली आणीबाणी मात्र अजून लागू आहे, तिची मुदत महिन्यामहिन्यानं वाढते आहे. १ ऑगस्टपासून भारतीयांना पर्यटन व्हिसा मोफत झाला आहे. हॉटेलांचे दर खूप उतरलेत. स्वस्त आहे म्हणून जाऊ नका, एवढंच म्हणू.

जूनच्या शेवटी आमच्यापैकी एक जण चार दिवस स्वतः जाऊन आला. कटुनायके विमानतळाबाहेर पडल्यावर पहिल्या नाक्यावर लष्करी जवानानं पासपोर्ट पाहिला, डिकी उघडायला लावली आणि पुढे सोडलं. हॉटेलच्या फाटकावर गाडीखाली आरसा फिरला. २६/११ नंतर मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत फिरतो तसाच. सिगिरियाच्या प्राचीन खडककिल्ल्यावर चढताना एरवी भित्तिचित्रांपाशी लोखंडी जिन्यावर माणसामागे माणूस उभा असतो. त्या सकाळी तिथे आमचा माणूस, एक जर्मन जोडपं आणि माकडं. खाली चालक झाडाखाली बसून होता. अख्ख्या मे महिन्यात त्याला एकही भाडं मिळालं नव्हतं, गाडीच्या हप्त्यासाठी बायकोच्या बांगड्या गहाण पडल्या होत्या. हे त्यानं विचारल्यावर सांगितलं, आपणहून नाही. तरीही आमचं मत असं, की कुणाची दया येते म्हणून सहलीला जाऊ नये. हत्ती बघायचे असतील, नुवारा एलियाजवळच्या सीताम्मा मंदिरात आईला न्यायचं असेल, तर जावं.

कुणी जाऊ नये, हेही सांगतो. घरातलं एक माणूस जरी मनातून घाबरलेलं असेल, तर यंदा राहू द्या. आठ दिवस ते प्रत्येक बेवारस पिशवीकडे बघत बसेल आणि बाकीचे त्याच्याकडे. ज्यांना अचानक संचारबंदी लागली तर औषधाविना अडचण होईल, त्यांनीही थांबावं. मे महिन्यात वायव्य प्रांतात दंगली झाल्या तेव्हा रात्रीची संचारबंदी देशभर लागली होती. यंदा वर्ष संपायच्या आत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूकही व्हायची आहे. तारीख दिवाळीच्या जवळ आली तर सभा-मिरवणुकांच्या दिवशी आम्ही शहरातला कार्यक्रम बदलू.

आखणीत एक बदल केलाच आहे. कोलंबोचा मुक्काम काढला. विमानतळ शहराच्या उत्तरेला आहे, तिथून गाडी थेट दांबुल्ला-सिगिरियाकडे जाईल, मग कँडी, नुवारा एलिया आणि शेवटी बेंटोटा. यानं धोका शून्य होतो असं नाही, बट्टिकलोआ कोलंबोत नव्हतं. पण गर्दीच्या जागी कमी वेळ जातो. कँडीच्या दंतमंदिरात (बुद्धाचा दात जिथे जपलाय ते देऊळ) पिशव्यांची झडती होते, तासभर जास्त धरा. आणि ऑक्टोबरअखेर दुपारचा पाऊस जवळजवळ ठरलेला, छत्री न्यायला विसरू नका. बॉम्बपेक्षा ही भीती खरी ठरण्याची शक्यता जास्त.

दोन बारीक गोष्टी. आपल्याकडे मुली स्कूटीवर उन्हासाठी तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, तसा तिथे नको. चेहरा झाकण्यावर तिथे सध्या बंदी आहे. दुसरं, हल्ल्यानंतर सरकारनं समाजमाध्यमं नऊ-दहा दिवस बंद ठेवली होती, व्हॉट्सॲपसुद्धा. म्हणून विमानतळावरच स्थानिक सिम घ्या आणि घरचे, हॉटेलचे, आमच्या चालकाचे नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा. कँडीत भारताचं सहायक उच्चायुक्तालय आहे, त्याचा पत्ता तुमच्या व्हाउचरवर छापतो आहोत.

आता पैसे. १५ सप्टेंबरपर्यंत "नको" म्हणालात तर हॉटेल, गाडी आणि आमचा आकार मिळून सगळी रक्कम परत. विमानाच्या तिकिटाला कंपनीचा नियम लागेल, त्यात आमच्या हातात काही नाही. पुढच्या वर्षी जायचं म्हणालात तर तीच रक्कम पुढे वळती करू. त्या तारखेनंतर मन बदललं तर हॉटेलं कापतील तेवढं कापलं जाईल. परराष्ट्र मंत्रालयानं पुन्हा "जाऊ नका" म्हटलं, तर सहल आम्हीच रद्द करू. मग तारीख कुठलीही असो.

विम्याबद्दल गैरसमज फार. नुसती भीती वाटली म्हणून सहल रद्द केली तर विमा सहसा पैसे देत नाही. पॉलिसीत "दहशतवाद" हा शब्द कुठे आहे ते शोधा: मिळणाऱ्या गोष्टींच्या यादीत, की वगळलेल्या. सापडत नसेल तर पॉलिसी ऑफिसात घेऊन या, बसून वाचू.

फोन करताना पावती क्रमांक हाताशी ठेवा. गणपतीत पाच दिवस ऑफिस बंद आहे, त्याच्या आधी किंवा नंतर कळवा.