वाऱ्यातला अर्धा र कॉम्प्युटरमध्ये आला कसा

दऱ्या आणि दर्या, आचाऱ्यास आणि आचार्यास. एकात स्वयंपाकी, दुसऱ्यात गुरुजी, मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पण हिंदीला हा आडवा अर्धा र लागतच नाही, म्हणून हिंदीपुरती देवनागरी डोक्यात ठेवून कोणी काही बनवलं की नेमका हाच सुटतो.

सुरुवात आस्कीपासून. १९६० च्या दशकात अमेरिकेत ठरलेला, प्रत्येक अक्षराला एक नंबर देणारा कोड, ७ बिटचा, म्हणजे एकूण जागा १२८, त्यात इंग्रजी अक्षरं, आकडे, चिन्हं एवढंच बसतं. मग आपल्याकडे डीटीपीवाल्यांनी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावणाऱ्यांनी, फॉन्टमध्येच जुगाड केला, इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरीचा तुकडा काढून ठेवायचा, कुठे काना, कुठे अर्धा श, कुठे हा अर्धा र. प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी. छापायला उत्तम चालायचं, पण फाईल दुसरीकडे पाठवली आणि तिथे तो फॉन्ट नसला की नुसता इंग्रजी कचरा दिसायचा, कारण आत खरोखर इंग्रजी अक्षरंच साठवलेली असायची. त्या काळातला कितीतरी मराठी मजकूर असाच अडकून पडलाय याचं फार वाईट वाटतं.

दुसरीकडे सरकारी पातळीवर इस्की, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीचा असाच एक कोड, तयार होत होता, १९९१ मध्ये तो भारतीय मानक झाला. यात अक्षराचे तुकडे साठवत नाहीत, मूळ अक्षर साठवतात, जोडाक्षर कसं दिसेल ते दाखवणारं सॉफ्टवेअर बघून घेतं. ही कल्पना खूप मोठी होती, आणि युनिकोडने, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना नंबर देणाऱ्या मानकाने, भारतीय लिप्यांची मांडणी १९८८ च्या इस्कीवरूनच घेतली.

आता आपला र. युनिकोडमध्ये साधा र ०९३० नंबरला आहे. त्याला हलन्त, म्हणजे पाय मोडायचं चिन्ह, आणि पुढे य दिला की रफार येतो, र्य. मग ऱ्य कसा काढायचा? युनिकोडच्या १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीतला मार्ग असा, की र, हलन्त, मग झिरो विड्थ जॉइनर नावाचं एक अदृश्य चिन्ह, मग य. पुढे ०९३१ वरच्या ऱ चा रस्ता पक्का झाला, हा नुक्तावाला, म्हणजे खाली टिंब असलेला, ऱ मुळात द्राविडी भाषांमधला उच्चार देवनागरीत लिहायला ठेवलेला, पण इस्कीत त्याचं अर्धं रूप आपल्या आडव्या र सारखंच काढायचे, तेच युनिकोडने स्वीकारलं. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या मानक कीबोर्डवर शिफ्ट धरून जे, मग डी हा हलन्त, मग य, झालं.

जुना मार्गही चालूच ठेवला, आणि खरी डोकेदुखी तिथे आहे. दोन्ही प्रकारे लिहिलेला ‘वाऱ्यावर’ स्क्रीनवर एकसारखा दिसतो, आत मात्र वेगळा, त्यामुळे शोधायला गेलं की एक सापडतो दुसरा नाही. त्यातून ते अदृश्य चिन्ह फार नाजूक, मजकूर साफ करणारे बरेच प्रोग्रॅम त्याला फालतू समजून काढून टाकतात, आणि ते गेलं की दऱ्यांचा सरळ दर्या होतो, स्पेलचेकरही काही बोलत नाही कारण शब्द बरोबरच आहे! ०९३१ वाल्यात हा धोका नाही, तिथे फरक अक्षरातच आहे, म्हणून मला तोच योग्य वाटतो आणि मराठी कीबोर्ड बनवणाऱ्या सगळ्यांनी तोच द्यावा असं मनापासून वाटतं.

ॲ चंही थोडंफार असंच झालं. त्याला स्वतःचा नंबर, ०९७२, मिळाला २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत, तोपर्यंत लोक अ वर चंद्र जोडून किंवा हिंदीचा ऍ वापरून भागवत होते आणि तो सगळा मजकूर अजून तसाच आहे. तेव्हा जुन्या लिखाणात ‘ॲसिड’ किंवा ‘बिचाऱ्या’ शोधताय आणि सापडत नाहीये, तर तो शब्द तिथे नाहीच असं लगेच धरू नका, दुसऱ्या पद्धतीने टाइप करून परत एकदा शोधा.